फोर बाय फोरचा घोर

जुनी फोर बाय फोर गाडी घेणाऱ्याच्या दोनच अटी असतात. घाटात पुढच्या ट्रकला तिने हसत मागे टाकावे आणि पंपासमोरून जाताना तिने मान वळवू नये. गाडी जड, इंजिन मोठे आणि ओढ चारही चाकांना असेल तर इंधन जास्त लागते, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. नेसरीत तो सगळ्यांना ठाऊक आहे. आपण घेणार त्या गाडीला तो लागू नाही, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

नेसरी हे गडहिंग्लज तालुक्यातले, चंदगडच्या वाटेवरचे बाजाराचे गाव. इथून पश्चिमेला सरकावे तसा पाऊस वाढत जातो. आजऱ्याच्या पुढे आंबोलीला तर तो वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पोचतो. जुलैत रोपलावण सुरू झाली की शेताकडच्या पाणंदीत माणसाची चप्पल राहते आणि पाय वर येतो. त्यामुळे फोर बाय फोरची गरज कागदावर अगदी खरी आहे. फक्त ती मोजायला बसले की आकसू लागते. वर्षभराची धाव पाहिली तर गडहिंग्लजचा बाजार, बेळगावचा दवाखाना, कोल्हापूरची कोर्टाची तारीख आणि मे महिन्यातली लग्ने, एवढ्यात ती संपते. हे सगळे डांबरावरचे. चिखलाची पाणंद हाकेच्या अंतराची. तिथे जायला ट्रॅक्टर दारात उभा असतो. पण ट्रॅक्टर घेऊन सासुरवाडीला जाता येत नाही, आणि खरेदीचे मूळ कारण बहुतेक वेळा इथेच सापडते.

खरेदीचा हंगामही ठरलेला आहे. हरळीच्या किंवा गवसेच्या कारखान्याकडून उसाचे बिल बँकेत जमा झाले की घरात दोन पक्ष पडतात. एका पक्षाला विहिरीची मोटर बदलायची असते, दुसऱ्याला गाडी. गाडीचा पक्ष संख्येने लहान, पण सहीचा अधिकार त्याच्याकडे असतो.

चार चाकांना ओढ देण्याच्या तीन पद्धती आहेत, आणि तिघींची भूक वेगवेगळी आहे. पहिली लिव्हरची. मारुती जिप्सी, महिंद्राची बोलेरो फोर बाय फोर, थार या त्यातल्या. एरवी ओढ मागच्या चाकांना, लिव्हर टाकली की पुढच्यांनाही. पुढची आणि मागची जोडी तेव्हा एकमेकींना घट्ट बांधली जाते. मळणीच्या खळ्यावर मेढीजवळचा बैल जागच्या जागी वळतो आणि कडेचा लांबचा फेरा घालतो. दोघांनी सारखीच पावले टाकावीत असा हट्ट धरला तर दावण तुटेल. वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांचेही असेच अंतर पडते. चिखलात चाक थोडे घसरून ते भरून काढते, कोरड्या रस्त्यावर मात्र घसरायला जागा नसते आणि सगळा ताण दांड्यांवर आणि दात्यांवर येतो. म्हणून ही लिव्हर डांबरावर टाकायची नसते. जुन्या जिप्सीत आणखी एक सोय होती. पुढच्या चाकांच्या मधोमध असलेली हबची चकती उतरून हाताने फिरवावी लागे. म्हणजे चिखलात अडकू नये म्हणून आधी चिखलात उतरायचे. पण चकती मोकळी ठेवली तर पुढचे शाफ्ट फुकट फिरत नाहीत, आणि इंधनाच्या दृष्टीने तिन्हींत हीच पद्धत शहाणी.

दुसरी पद्धत आपोआपची. २०१४ साली आलेली रेनॉ डस्टरची ऑल व्हील ड्राइव्ह, महिंद्राची एक्सयूव्ही ५००, स्कोडाची येटी या तिच्यातल्या. एरवी पुढची चाके ओढतात. ती घसरू लागली की क्लचसारखी एक जोडणी बंद होऊन मागच्या चाकांना ताकद जाते. डस्टरमध्ये यासाठी एक गोल खटका आहे. तो ‘टू व्हील’वर ठेवला की डिझेल वाचते अशी श्रद्धा आहे. ही जोडणी मागच्या डिफरन्शियलजवळ बसवलेली असल्यामुळे मधला लांब शाफ्ट खटका कुठेही असला तरी फिरतच राहतो, आणि वाढीव वजन तर उतरून ठेवता येत नाही. डिझेल थोडेच वाचते. समाधान मात्र पूर्ण मिळते.

तिसरी पद्धत कायमची. २००९ साली भारतात आलेली पहिली फॉर्च्युनर या पंथाची. तीन लिटरचे डिझेल इंजिन, १७१ अश्वशक्ती, जवळपास दोन टन वजन आणि चारही चाकांना अखंड ओढ. ती कोरड्या रस्त्यावरही बिनघोर चालते, कारण मधे एक जादा डिफरन्शियल आहे. घोर लागतो तो मालकाला.

जुन्या बाजारात अशा गाड्या बहुतेक डिझेलच्याच का सापडतात, याचे कारण सरकारी आहे. पेट्रोलचे भाव २०१० च्या जूनमध्ये मोकळे सोडले, डिझेलचे २०१४ च्या ऑक्टोबरपर्यंत बांधून ठेवले. मधल्या काळात दोघांतली दरी इतकी रुंदावली की डिझेलची गाडी घेणे म्हणजे पैसे कमावणे, असे जावई मंडळी सासऱ्यांना पटवून देऊ लागली. पुढे २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-सहा नियम आले आणि कित्येक डिझेल इंजिने बंद पडली. डस्टरचेही त्यात गेले. आता दोन्ही इंधनांच्या भावांतली दरी अरुंद झाली आहे, पण ‘डिझेल परवडतंय’ हे वाक्य अजून त्याच काळात राहते.

अॅव्हरेजचा आकडा दोन ठिकाणी जन्माला येतो. एक पुण्यात. १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाच्या, म्हणजे एआरएआयच्या पद्धतीने गाडी रोलरवर उभी करून साधारण वीस मिनिटे चालवली जाते. चाके फिरतात, गाडी जागीच राहते. वेग ताशी ९० च्या वर जात नाही, एसी बंद असतो. त्या खोलीत पाऊस नसतो, खड्डा नसतो, पुढे डुलत जाणारी उसाची दुहेरी ट्रॉली नसते आणि मागच्या सीटवर बेळगावच्या कुंद्याच्या पुड्यांसह मामांकडची मंडळी नसतात. जिम्नीला तिथे लिटरला १६.९४ किलोमीटर मिळाले आहेत, ग्रँड व्हिटारा ऑल ग्रिपच्या हाताने गिअर टाकायच्या गाडीला १९.३८. हे आकडे खोटे नाहीत. गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला ते उत्तम आहेत. त्या खोलीबाहेर कुणी गाडी चालवू नये, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

दुसरे जन्मस्थान म्हणजे मालकाचे तोंड. इथे एकाच गाडीचे अॅव्हरेज ऐकणाऱ्याप्रमाणे बदलते. बायकोला ते सोळा सांगितले जाते. मित्रांत चौदा, कारण तिथे ‘आपण जरा दाबून चालवतो’ हेही सांगायचे असते. गिऱ्हाइकाला अठरा. आणि लग्नासाठी गाडी मागायला आलेल्या चुलतभावाला सात.

“सातच?” 

“काय सांगू दादा, पाणी प्याल्यागत पितीया. तुझ्याच खिशाला कात्री नको म्हणून म्हणतोय.”

खरे अॅव्हरेज या चार आकड्यांच्या मधे कुठेतरी असते आणि ते मालकालाही माहीत नसते, कारण त्याने ते मोजायचे मुद्दाम टाळलेले असते.

गाडी बघायला एकट्याने जायची पद्धत नाही. सोबत मेव्हणा असतो, कारण तो ‘नाही’ म्हणू शकतो. फिटर असतो. एक निवृत्त गुरुजी असतात, कागद वाचायला. आणि वडापवाला असतो. वडापच्या, म्हणजे जीपमधून माणसे नेण्याच्या, धंद्यात आयुष्य गेलेल्या या माणसाची गाडीच्या ताकदीची कल्पना स्वच्छ आहे: किती माणसे बसतात आणि बसल्यावर चढ चढते का. अश्वशक्ती, टॉर्क यांत तो पडत नाही. वास्तविक टॉर्कची याहून नेमकी व्याख्या कुठल्या पुस्तकात नसेल. चढावर कमी फेऱ्यांत ओझे ओढणे हे टॉर्कचे काम, आणि घाटरस्त्याच्या माणसाने अश्वशक्तीच्या मोठ्या आकड्यापेक्षा टॉर्क किती खालच्या फेऱ्यांवर मिळतो ते पाहावे. डिझेल गाड्या इथे सरस ठरतात. लहान टर्बो इंजिनांची एक खोड मात्र अशी की चढावर फेरे पडले की ती क्षणभर विचारात पडतात, आणि नेमके तेव्हा मागून एसटी हॉर्न वाजवत असते.

एजंट गाडी आधीच तापवून ठेवतो. पाहुणे येण्यापूर्वी अर्धा तास इंजिन सुरू ठेवले की पहिल्या सेल्फचा धूर साक्षीदारांशिवाय विरून जातो. म्हणून थंड इंजिनवर सेल्फ मारायला सांगावे, हा पहिला नियम. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, अॅव्हरेज तिथेच हवेत जाते. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळते. पांढरा आणि न थांबणारा म्हणजे पाणी नको तिथे गेले आहे. फिटर बॉनेटवर हात ठेवतो आणि काही न बोलता मेव्हण्याकडे बघतो.

“गरम हाय की.”

“उन्हात हुबी हाय न्हवं,” एजंट म्हणतो. आकाश भरून आलेले असते.

मग मालकाची चौकशी होते. जुनी गाडी नेहमी डॉक्टरांची असते. ती घर ते दवाखाना एवढीच फिरलेली असते. मीटरवर बासष्ट हजार किलोमीटर असतात आणि क्लचच्या पॅडलचे रबर झिजून आतले लोखंड चकाकत असते. यावरून डॉक्टर ऑपरेशनही क्लचवर पाय ठेवूनच करीत असावेत असा निष्कर्ष गुरुजी काढतात. मीटर मागे फिरवता येतो. पॅडल, स्टिअरिंगची कातडी आणि ड्रायव्हरच्या सीटची बसकी उशी मागे फिरवता येत नाही. सर्व्हिसच्या नोंदी मागितल्या की एजंट दुखावला जातो. तो दुखावला की भाव पाच हजारांनी उतरतो, हा एक अनुभवसिद्ध नियम आहे.

शेवटी मुख्य प्रश्न.

“अॅव्हरेज काय देती?”

“ते चालवणाऱ्यावर हाय.”

“साधं चालवलं तर?”

“साधं चालवायचं असलं तर ही कशाला घेताय, पाव्हणं?”

यावर कुणाकडे उत्तर नसते. तेवढ्यात एजंट इतिहासात शिरतो. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी याच नेसरीच्या परिसरात सरनोबत प्रतापराव गुजर अवघ्या सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि सातही वीर कामी आले. त्यांचे स्मारक जवळच आहे, त्यामुळे एजंटाला दाखला शोधायला लांब जावे लागत नाही.

“नेसरीच्या मातीतली माणसं तुम्ही. घोड्याचं अॅव्हरेज कुणी इचारलं हुतं का तवा?”

“विचारलं होतं,” गुरुजी म्हणतात. “खुद्द शिवाजी महाराजांनी. चिपळूणकडच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना पत्र आहे त्यांचं. दाणागोटा आत्ताच उधळलात तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, पुरवून वापरा म्हणून.”

एजंट गप्प होतो. मेव्हणा ही संधी साधून आणखी पाच हजार कमी करायला सांगतो.

ट्रायलला सहाजण बसतात. गाडी चढाला लागली की पुढचा “दाब, दाब” म्हणतो आणि मागचा “सावकाश, सावकाश” म्हणतो. पहिला पिकअप तपासत असतो, दुसरा अॅव्हरेज. एसी थंड होतो का ते बघायला एसी लावतात आणि गाडी ओढते का ते बघायला बंद करतात. दोन्ही एकत्र केले तर काय होते, याचा शोध पुढे मे महिन्यात आंबोलीच्या घाटात लागतो. एवढ्या गडबडीत एक गोष्ट राहून जाते, ज्यासाठी ही गाडी घ्यायची ती. फोर बाय फोरची लिव्हर कुणी टाकूनच बघत नाही. कित्येक गाड्यांत ती वर्षानुवर्षे न हलवल्यामुळे गंजून जागेवर बसलेली असते. चिखलाच्या किंवा मुरमाच्या जागी नेऊन ती टाकून पाहावी, पुढची चाके खरोखर ओढतात का ते कुणाला तरी उतरून बघायला लावावे, लो गिअर लागतो का तेही पाहावे, आणि ट्रान्सफर केसचे व दोन्ही डिफरन्शियलचे ऑइल कधी बदलले ते विचारावे. शेवटच्या प्रश्नाला “कशाचं?” असे उत्तर आले, तर भाव आणखी उतरवायला वाव आहे.

टायरचे प्रकरण स्वतंत्र लक्ष देण्यासारखे आहे. आपोआप ओढ बदलणाऱ्या गाडीत चारही टायर सारखे झिजलेले असावे लागतात. दोन नवे आणि दोन गुळगुळीत असले की त्यांचे घेर वेगळे होतात, चाक घसरते आहे असा गाडीचा समज होतो, आणि ती जोडणी विनाकारण तापत राहते. एक टायर फाटला तर चार घ्यायची वेळ येते, हा खर्च अॅव्हरेजच्या चर्चेत कधी बसत नाही. दुसरी गंमत मीटरची. मीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता नाही. गुळगुळीत टायरचा घेर दीड-दोन टक्क्यांनी लहान झालेला असतो. त्यामुळे फेरे जास्त पडतात, किलोमीटर जास्त दिसतात आणि अॅव्हरेज वाढते. जो विक्रेता टायर न बदलता गाडी विकतो, त्याचे अठरा या हिशेबाने फारसे खोटेही नसतात.

नव्या मालकाकडे याच्या उलट घडते. गाडी आल्या आल्या तो कंपनीपेक्षा रुंद आणि उंच टायर चढवतो. घेर पाच टक्क्यांनी वाढला तर शंभर किलोमीटर गेल्यावर मीटर पंचाण्णव दाखवतो. जड टायर फिरवायला डिझेल खरेच जास्त लागते, आणि वर मीटर कमी दाखवतो. दुहेरी मार बसल्यावर मालक इंजेक्टर तपासायला गाडी गॅरेजला लावतो. मग छतावर कॅरियर येतो. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ८० वरून १०० वर गेले की तो दीडपटीहून जास्त होतो. कॅरियर त्याला आणखी हात देतो. पुढे जाडजूड लोखंडी गार्डही बसायचा, पण २०१७ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने त्यावर बंदी आणल्यापासून तो फक्त इन्स्टाग्रामवरच्या गाड्यांना दिसतो, आणि पोलीस नसलेल्या रस्त्यांवर.

वजन हाच या साऱ्या भानगडीचा गाभा आहे. गाडी हलकी असली की कमी ताकदीतही ती चपळ राहते, डिझेल-पेट्रोल कमी पिते आणि चिखलात कमी रुतते. जिप्सीचे इंजिन तेराशे सीसीचे, अश्वशक्ती ८० च्या आसपास, वजन साधारण एक टन. लष्कराने ती डोंगरदऱ्यांत वर्षानुवर्षे वापरली ती यामुळेच. पाणंदीच्या चिखलात दोन टनी गाडी पोटावर बसते, तिथून जिप्सी किंवा जिम्नी निघून जाते. जिम्नीचे वजन बाराशे किलोच्या घरात आहे. तेव्हा ताकद आणि काटकसर यांचा मेळ घालायचा तर हलकी गाडी घ्यावी, इतके हे उत्तर सरळ आहे. ते घरात मांडले जाते आणि एकमताने फेटाळले जाते.

“एवढीशी? माणसं काय म्हणतील?”

“रस्त्यावर दिसाया पायजे गाडी.”

वडापवाला तर पाठीमागची जागा बघून हसतच सुटतो. रस्त्यावर दिसण्याचे अॅव्हरेज अजून कुणी मोजलेले नाही, पण खरेदीत सर्वात जास्त किंमत त्याचीच दिली जाते.

अॅव्हरेजचा हिशेबही थोडा फसवा आहे. वर्षाला दहा हजार किलोमीटर धाव धरली, तर लिटरला आठ देणाऱ्या गाडीला १२५० लिटर लागतात आणि दहा देणारीला १०००. फरक अडीचशे लिटरचा. पंधरा देणारीला ६६७ आणि अठरा देणारीला ५५६. फरक १११ लिटरचा. म्हणजे आठाचे दहा होण्यात जेवढे वाचते, त्याच्या निम्मेही पंधराचे अठरा होण्यात वाचत नाही. बाजारात भांडण मात्र पंधरा-अठरावर होते. डिझेल नव्वद रुपयांच्या घरात धरले तर १११ लिटरचे दहा हजार होतात. एवढे पैसे मालकाने रुंद टायरांच्या फरकात आणि बंपरवरच्या दिव्यांत पहिल्या आठवड्यात घातलेले असतात. दिवे असे प्रखर की समोरचा ड्रायव्हर डोळे मिटून शिव्या देतो.

पेट्रोलची गाडी घेतल्यास एक खास स्थानिक पेच पडतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून जुन्या गाडीचे अॅव्हरेज हिशेबाने सहा-सात टक्क्यांनी उतरू शकते, आणि जुन्या जिप्सीच्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. एप्रिल २०२३ पासून निघालेल्या गाड्या या मिश्रणासाठी तयार केलेल्या आहेत, त्याआधीच्यांचे नशीब. पण हे इथेनॉल उसापासूनही होते. जो गृहस्थ पंपावर उभा राहून “कसलं पेट्रोल घालत्यात हो हे, अॅव्हरेजच ऱ्हायलं न्हाई” म्हणून तावातावाने बोलतो, त्याचीच साडेतीन एकर आडसाल कारखान्याला गेलेली असते. गाडीने जास्त प्यावे की कारखान्याने जास्त द्यावे, या प्रश्नावर तो दोन्हीकडून आंदोलन करू शकतो.

स्वस्त गाड्या तीन दिशांनी येतात. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली बंदी घातली, तेव्हापासून तिकडच्या धट्ट्याकट्ट्या गाड्या दक्षिणेकडे निवृत्तीला येऊ लागल्या. गोव्याकडची गाडी दिसायला देखणी असते, पण खाऱ्या हवेने तिचे पोट गंजलेले असू शकते. खाली झोपून पाहणे भाग आहे, आणि ते काम मेव्हण्याकडे येते. बेळगावची केए-२२ पाटी तर नेसरीत परकी वाटतच नाही. सोयरीक तिकडची, दवाखाना तिकडचा, मग गाडी का नको? कायदा मात्र सोयरीक मानत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर इथली नोंदणी करावी लागते. त्यासाठी तिकडच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, फॉर्म २८. मालक बदलायला २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असले तर बँकेच्या पत्रासह ३५. आणि महाराष्ट्राचा कर. हे सगळे झाल्यावर केए-२२ स्वस्तात मिळाल्याचा आनंद एमएच-०९ च्या पाटीखाली विझतो. काहीजण अकराव्या महिन्यात गाडी बेळगावला नेऊन परत आणतात आणि वर्ष नव्याने सुरू झाले असे मानतात. आरटीओ तसे मानत नाही.

गाडी घरी आली, नारळ फुटला, बॉनेटवर हळदकुंकू लागले की खरे अॅव्हरेज मोजायची वेळ येते. पद्धत सोपी आहे. टाकी फुल करायची, दोन-तीनशे किलोमीटर नेहमीसारखे फिरायचे, त्याच पंपावर पुन्हा फुल करायची आणि किलोमीटरला लिटरांनी भागायचे. अडचण ‘नेहमीसारखे’ या अटीत येते. मोजमाप चालू असताना मालक ताशी पन्नासच्या वर जात नाही, उतारावर गाडी न्यूट्रलला टाकतो (जे धोक्याचे आहे आणि नव्या इंजिनांत निरुपयोगीही, कारण गिअरमध्ये ठेवून पाय उचलला तर ती इंधन आपोआप तोडतात), खिडक्या बंद ठेवून एसीही लावत नाही आणि आतली सारी मंडळी घामाने निथळतात. पंपावर तो पोऱ्याला “पहिल्या कटला थांबव” म्हणतो, आणि पहिल्यांदा भरताना मात्र गाडी हलवून हलवून काठोकाठ भरून घेतलेली असते. यातून लिटरला एकवीस निघतात. ते वहीत लिहिले जातात आणि पुन्हा कधीही मोजले जात नाही. सीमेपलीकडे डिझेल दोन-तीन रुपयांनी स्वस्त असले की संकेश्वरला जाऊन भरून येणारेही आहेत. जाण्यायेण्यात काय जळले ते वहीत येत नाही.

एवढे होईतो पावसाळा लागतो.

“शेताकडं न्यायला घेतलीय म्हणत हुतासा. न्या की आज,” घरातून आवाज येतो.

“चिखल लागंल गाडीला.”

गाडी ताडपत्रीखाली जाते आणि मालक शेताकडे चालत जातो. एखादा धीराचा निघतो आणि पाणंदीत गाडी घालतो. चारही चाकांना ओढ असली म्हणजे चारही चाके एकाच वेळी रुतू शकतात, हे त्याला तिथे कळते. रस्त्याचे गुळगुळीत टायर चिखलात भरले की ओढ कितीही चाकांना जावो, ती चिखल मागे फेकण्यात खर्च होते. दोन चाकांची ओढ आणि खोल नक्षीचे टायर याहून पुढे जातात. उतारावर ब्रेक मारताना तर चौघांची ओढ फारशी कामाची नसते, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. शेवटी ट्रॅक्टर येतो आणि साखळी लागते. ट्रॅक्टरवाल्याला अॅव्हरेज विचारले तर तो म्हणतो, “आमचं तासावर असतंय.”

उरतो तो देखभालीचा एक मुद्दा. फोर बाय फोरची यंत्रणा वापराविना ठेवली की तिच्यातले तेल खाली बसते, सीलं सुकतात, लिव्हर आखडते. म्हणून महिन्यातून एकदा तरी मऊ जमिनीवर थोडे अंतर ती लावून चालवावी, असे माहितगार सांगतात. हा सल्ला नेसरीत पाळला जातो. मऊ जमीन चिखलाची असल्यामुळे तो घरासमोरच्या सिमेंटच्या अंगणात पाळला जातो. लिव्हर ओढली जाते, स्टिअरिंग पुरते वळवून गाडी गोल फिरवली जाते, बांधले गेलेले शाफ्ट कट्‌कट्‌ आवाज करतात, टायर सिमेंटवर चरचरतात आणि गाडी आचके देत अडून राहते. कठड्यावर बसलेला शेजारी मान हलवतो.

“काय म्हणा, ताकद हाय गाडीत.”